माणूस हाकणे आणि माणूस चालवणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला तो असा : 'कामाच्या ठिकाणचे वातावरण आणि नेतृत्व'. या विषयावर बोलण्याचा अधिकार पुस्तकी माणसाचा असतो, असा एक समज आहे. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि रात्री दिव्याखाली वाचलेल्या कायद्याच्या पुस्तकांत झाले. त्यामुळे मी जे सांगणार आहे त्यात तत्त्वज्ञान थोडे आणि व्यवहार जास्त, हे आरंभीच सांगून ठेवतो.

आजकाल प्रत्येक मोठ्या कारखान्यात एका दारावर 'मनुष्यबळ विभाग' अशी पाटी असते. या शब्दाकडे जरा पाहा. यंत्राची शक्ती मोजायला आपण अश्वबळ म्हणतो आणि माणसाची मोजायला मनुष्यबळ. घोड्याचे बळ तेवढे मोजले की काम भागते, कारण घोड्याला मत नसते. माणसाला मत असते, मान असतो, आणि त्याने पाहिलेले सांगायला तोंड असते. कामाच्या ठिकाणचे वातावरण म्हणजे भिंतीचा रंग नव्हे, की वर्षातून एकदा होणारी सत्यनारायणाची पूजाही नव्हे. ते ओळखायचे असेल तर तीन प्रश्न विचारावेत. हुकूम कोण देतो आणि कोणत्या शब्दांत देतो? हुकूम चुकीचा वाटला तर 'थांबा' म्हणायची सोय आहे काय? आणि चूक झाली म्हणजे चुकीचे कारण शोधतात, की माणूस शोधतात? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या जागेची सारी रीत कळते, मग तो पोलादाचा कारखाना असो, बियाण्याची कंपनी असो, अडत्याचे दुकान असो की सरकारी कचेरी.

मुकादमीचा वारसा

आपल्याकडे माणूस हाकण्याची पद्धत कोठून आली? आपल्या या मस्तगडाचे बांधकाम 1725 सालचे. निजाम-उल-मुल्क आसफजहाच्या हुकमाने काबिलखानाने तो बांधला, आणि त्याची साक्ष देणारा फारसी लेखही तेथे कोरलेला आहे. हुकूम देणाऱ्याचे नाव टिकले, हुकूम पाळून घेणाऱ्याचे टिकले, दगड वाहणाऱ्यांचे मात्र एकही नाव कोठे नाही. त्या काळाची ती रीतच होती. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामी अमलाखाली होता, आणि वेठ म्हणजे काय हे येथल्या गावोगावच्या म्हाताऱ्यांना कोणी शिकवावे लागत नसे. साहेबासमोर पागोटे काढून उभे राहायचे, बोलला तर 'जी' म्हणायचे आणि पाठीमागे शिव्या द्यायच्या, हे वळण एका दिवसात जात नाही. पुढे कारखाने आले, पण माणसे जुनीच होती. वळणही त्यांच्याबरोबर आत गेले.

मुंबईच्या कापडगिरण्यांत हाकणाराला जॉबर म्हणत. बायकांच्या खात्यात त्याच्या जागी नाइकीण असे. जॉबर यंत्राची देखभाल करी, काम शिकवी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे माणसे कामाला लावी व काढी. गावाकडून आलेल्या माणसाला नोकरी त्याच्यामार्फत मिळे, पुष्कळदा खोली आणि कर्जही त्याच्यामार्फतच. बदल्यात त्याला दस्तुरी द्यावी लागे. गोऱ्या मालकाची वा देशी शेठजींची कामगाराशी गाठ पडतच नसे. कामगाराच्या दृष्टीने जॉबर हाच मालक. हा जॉबर सर्वस्वी दुष्ट होता असे मी म्हणणार नाही, अडीअडचणीला तोच धावून येई. पण त्याची मदत आणि त्याचा जुलूम एकाच हातात होते, आणि त्या हाताला कोणी विचारणारे नव्हते. 1929 साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने 1931 मध्ये अहवाल दिला, तेव्हा माणसे भरण्याचे व काढण्याचे अधिकार जॉबरकडून काढून घ्यावेत आणि त्यासाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावा, अशी शिफारस केली. 1948 च्या कारखाना कायद्याने पाचशे अगर अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. आजच्या मनुष्यबळ विभागाची वंशावळ ही अशी जॉबरच्या अत्याचारापासून सुरू होते. ही गोष्ट त्या विभागातील तरुण अधिकाऱ्यांनी विसरू नये. मुकादमाला आवर घालण्यासाठी त्यांची खुर्ची निर्माण झाली. मुकादमाचे हुकूम गोड भाषेत लिहून देण्यासाठी ती झालेली नाही.

मुकादम संपला असे मात्र कोणी समजू नये. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी टोळी पाहा. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम त्यांना उचल देतो, आणि उचल फिटेपर्यंत पाय बांधलेले. एक दिवस अंग दुखले, मूल तापले, तर खाडा. 2019 साली शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली. दुखण्यासाठी रजा मागता येत नाही, अशा कामाच्या रीतीचे टोक कोठे जाते ते तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

मागणी भाकरीची, आणि मानाचीही

कामगार चळवळ म्हणजे पगारवाढ, असे पुष्कळांना वाटते. पण या देशातील चळवळीचा आरंभ पाहिला तर चित्र निराळे दिसते. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे अनुयायी, 'दीनबंधू' पत्राचे चालक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले गृहस्थ. 1884 साली परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारकडे धाडले. त्यात काय मागितले होते? रविवारची सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. साडेसहाला गिरणी सुरू व्हावी आणि सूर्यास्ताला सुटावी. पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखम झाली तर ती बरी होईपर्यंत पोटाला मिळावे. यात दर वाढवून मागितलेला नाही. माणसाने माणसासारखे राबावे आणि माणसासारखे थांबावे, एवढेच मागितले आहे. 1890 च्या एप्रिलमध्ये मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि तिच्यात दोन कामगार स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. त्याच वर्षीच्या 10 जूनपासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. आज आपण रविवारी सकाळी निवांत चहा पितो, त्यात त्या दोन बायांचाही वाटा आहे.

दुसरे उदाहरण जरा बोचणारे आहे, पण सांगितलेच पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचा पगार चांगला होता, आणि त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय? कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि विटाळ मानणाऱ्या विणकरांना ते खपत नसे. म्हणजे ही बंदी केवळ शेठजींची नव्हती, कामगार बांधवांचीही होती. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. तात्पर्य, कामाच्या ठिकाणचे वातावरण बिघडवायला मालकच लागतो असे नाही. आपण शेजाऱ्याशी कसे वागतो, परप्रांतातून आलेल्या पोराला कोणत्या नावाने हाक मारतो, बाईमाणूस खात्यात आली की आपली भाषा काय होते, हेही त्यातच येते. स्त्रियांच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाला 1997 साली विशाखा खटल्यात नियम घालून द्यावे लागले आणि 2013 साली स्वतंत्र कायदा झाला. दहा अगर अधिक माणसे काम करतात तेथे तक्रार समिती असलीच पाहिजे, असे तो सांगतो. आपल्या कामाच्या जागी ती आहे काय, आणि तिच्यात कोण आहे, हे श्रोत्यांपैकी किती जण सांगू शकतील, ते ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

चांगला मालक पुरेसा आहे काय?

यावर कोणी म्हणेल, मालक चांगला असला की सारे सुरळीत होते. याचेही उदाहरण महाराष्ट्रात आहे आणि ते आदराने सांगावे असे आहे. 1910 साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या ओसाड माळावर, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. तेथे त्यांनी प्रशस्तिपत्रे पाहून माणसे निवडली नाहीत. हात पाहिले, उमेद पाहिली, आणि विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या माणसांवर मोठमोठी कामे सोपवली. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना त्यांनी राखणीवर नेमले, आणि त्यांनी ती राखण इमानाने केली. विश्वास टाकला की माणूस विश्वासाला जागतो, हा धडा त्या वाडीने घालून दिला. माझ्यासारख्या न शिकलेल्याला ही हकीकत वाचून जो धीर आला, तो मी शब्दांत सांगू शकत नाही.

तरीही युनियनचा माणूस म्हणून मला एक प्रश्न विचारावाच लागतो. मालक बापासारखा वागला तर उत्तम, पण उद्या बापाच्या जागी मुलगा आला, मुलाच्या जागी परक्या शहरातली कंपनी आली, म्हणजे कामगाराने काय करावे? चांगुलपणा हा वारसाहक्काने मिळत नाही. म्हणून चांगुलपणाचा नियम करून ठेवावा लागतो.

तो नियम करण्याचे काम 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री म्हणून डॉ. आंबेडकरांनी फार नेटाने केले. 1942 च्या नोव्हेंबरातील कामगार परिषदेत आठ तासांच्या दिवसाचा प्रश्न त्यांनी पुढे आणला. 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने नोकरीच्या अटी लेखी असाव्यात आणि शिक्षेपूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकावे, हे तत्त्व रूढ झाले. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर अगर अधिक कामगारांच्या जागी वर्क्स कमिटीची तरतूद केली. तिच्यात दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी असावेत आणि कामगारांचे मालकांच्यापेक्षा कमी नसावेत, असे ठरले. पुढे 2019 व 2020 साली हे सारे जुने कायदे चार संहितांत एकत्र करण्यात आले आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या संहिता लागू झाल्या. स्थायी आदेशांची सक्ती आता तीनशे कामगारांच्या वर गेली, हे त्यांतले वाईट आहे, कारण आपल्याकडचे कितीतरी कारखाने त्या आकड्याच्या खालीच राहतात. पण वीस अगर अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती सांगितली आहे. तिच्यात दोन्हीकडचे सभासद सारखे, एकूण दहाच्या वर नाहीत, अध्यक्षपद आळीपाळीने एक वर्ष मालकाकडे व एक वर्ष कामगारांकडे, आणि तक्रारीचा निकाल तीस दिवसांत. हे हत्यार आपल्या हाती आहे. ते म्यानातच गंजू द्यायचे काय, एवढाच प्रश्न आहे.

भट्टीजवळचे मौन

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. लोक विचारतात, वागणूक, मान, बोलण्याची सोय, या गोष्टी ठीक आहेत, पण त्यांनी उत्पादनाचे काय होते? याचे उत्तर जालन्यात द्यायला मला दूर जावे लागत नाही. 'जालना सोने का पालना' असे पूर्वी म्हणत, आता हा पोलादाचा पाळणा झाला आहे. आपल्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून बिलेट आणि बिलेटपासून सळई होते. विजेच्या भट्टीत भंगार वितळते तेव्हा उष्णता दीड हजार अंशांच्या वर असते. त्या रसात ओले भंगार पडले, किंवा तोंड बंद असलेला एखादा तुकडा, जुना सिलिंडर वा गाडीचा शॉकॲब्सॉर्बर पडला, तर आतल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते. पाण्याची वाफ होताना ते सुमारे सोळाशे-सतराशे पट जागा मागते. ती जागा मिळत नाही, म्हणून रस उसळून बाहेर येतो आणि समोरच्या माणसावर पडतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच वसाहतीत एका कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन वीसच्या आसपास कामगार भाजले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या एका घटनेची चिकित्सा मी येथे करीत नाही. मी सर्वसाधारण रीत सांगतो.

बंद तुकडा भट्टीत जाण्यापूर्वी कोणाच्या नजरेला पडतो? व्यवस्थापकाच्या नव्हे. भंगार निवडणाऱ्या बाईच्या, चुंबकाची क्रेन चालवणाऱ्याच्या, नाहीतर भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोराच्या. तो पोर बिहारहून वा ओडिशाहून आलेला, कंत्राटदाराच्या हजेरीपटावरचा, धोक्याची पाटी इंग्रजीत आणि त्याला ती वाचता येत नाही. त्याने 'थांबा' म्हटले तर भट्टी थांबणार, पाळीतली एक हीट कमी होणार, आणि सुपरवायझर विचारणार, तुला काय कळते? मागल्या वेळी ज्याने थांबवले त्याला आठ दिवस काम मिळाले नाही, हे त्याने पाहिले आहे. म्हणून तो गप्प बसतो. दहापैकी नऊ वेळा काही होत नाही. दहाव्या वेळी होते.

आणि मग चौकशी लागते. चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. एका कारखान्यातील अपघातानंतर मी जखमी कामगाराच्या बाजूने बसलो होतो. त्याने हेल्मेट घातले नव्हते, यावर तासभर चर्चा झाली. हेल्मेटे किती होती आणि माणसे किती होती, हे विचारल्यावर मात्र कागद सापडेनात. कारण शोधायचेच नसले की माणूस शोधणे सोपे जाते.

म्हणून मी म्हणतो, भट्टीजवळच्या शेवटच्या पोराला न भिता 'थांबा' म्हणता येणे हेच कामाच्या ठिकाणचे खरे वातावरण आहे, आणि ज्याच्या हाताखाली तसे म्हणता येते तोच पुढारी. भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोका दिसताच तो कळवण्याचा कामगाराचा हक्क कायद्यात आला. पण कायदा कागदावर हक्क देतो, तोंड उघडायचे धैर्य शेजारची माणसे देतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ज्या जागी चालतो, तेथे कायद्याचे पुस्तक कपाटातच राहते.

काय करता येईल?

पुढाऱ्याचे गुण पुष्कळ सांगता येतील. मी अनुभवाला आलेले थोडेच सांगतो, आणि त्यांतल्या एकालाही पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, हुकूम देताना कारण सांगावे. 'हे कर' याऐवजी 'हे असे कर, कारण पलीकडे वीज चालू आहे' असे म्हणायला दोन पळे अधिक लागतात. कारण कळलेला माणूस साहेबाच्या पाठीमागेही तसेच करतो. न कळलेला साहेब वळला की आपल्या सोयीने करतो.

दुसरी, चूक बाजूला नेऊन सांगावी आणि शाबासकी चारचौघांत द्यावी. आपल्याकडे बहुधा उलट चालते. पन्नाशीच्या कारागिराला त्याच्या मुलाच्या वयाच्या अधिकाऱ्याने सर्वांसमोर अरेतुरे केले की त्या दिवशीचे काम तेथेच संपते. हात चालतात, मन बंद पडते. जुन्या माणसाला 'मामा', 'काका' म्हणावे, निदान 'अहो' म्हणावे.

तिसरी, हिशेब उघडा असावा. पगाराची चिठ्ठी हाती द्यावी, जादा तासांचा दुप्पट दर तिच्यात वेगळा दाखवावा. दंड मजुरीच्या शेकडा तीनहून जास्त करता येत नाही, तोही कामगाराला बाजू मांडू दिल्यावाचून करता येत नाही, आणि दंडाची रक्कम कामगारांच्याच हिताच्या कामी खर्चायची असते. या गोष्टी ठाऊक नसल्याने कितीतरी पैसा कंत्राटदाराच्या खिशात मुरतो.

चौथी, जो धोका सांगतो त्याला त्या दिवसाची मजुरी पुरी मिळालीच पाहिजे, मग धोका खरा निघो वा खोटा. दहा खोट्या सूचना परवडतील. एक खरी सूचना गिळली गेली तर ती परवडत नाही. आणि धोक्याच्या पाट्या काम करणाऱ्याच्या भाषेत लावाव्यात, त्याला वाचता येत नसेल तर पाळीच्या आरंभी तोंडाने सांगाव्यात.

पाचवी गोष्ट आमच्याच लोकांसाठी. मुकादम युनियनच्या कचेरीतही शिरतो. जो पुढारी कामगाराला तासभर बाकावर बसवून ठेवतो, वाटाघाटीत काय ठरले ते सभेत सांगत नाही, वर्गणीचा हिशेब विचारला की ज्याला राग येतो, तो फाटकाबाहेरचा जॉबरच होय. कंत्राटी माणसाला 'तो आपला सभासद नाही' म्हणून परत पाठवणारी युनियन लोखंड्यांचे नाव घेण्यास पात्र नाही. भट्टीचा रस उसळतो तेव्हा तो हजेरीपट पाहून उसळत नाही.

मालकवर्गापैकी काही मंडळी येथे उपस्थित आहेत, याचा मला आनंद आहे. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, कामगार गप्प आहे म्हणजे समाधानी आहे असे मानू नका. गप्प खाते हे बरेचदा घाबरलेले खाते असते, आणि घाबरलेला माणूस यंत्राचा खडखडाट ऐकूनही सांगायला येत नाही. कामगार बंधुभगिनींना सांगणे असे की, उद्या कामावर गेल्यावर आपल्याकडे तक्रार समिती आहे काय, एवढे एकच विचारा. असेल तर तिची शेवटची बैठक कधी झाली ते विचारा. नसेल तर चार जणांनी मिळून लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. पोच मिळाली नाही तर आमच्या कचेरीत या, बाकावर बसावे लागणार नाही.